मॉरिशस : सुटींत पाहावयाचें बेट
[नभोवाणीवरील भाषण]

दिवाळीची सुटी जवळ येऊं लागली म्हणजे शहरांतील घराघरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. वडील माणसांना थंड हवेचा डोंगर हवा असतो, मुलांना समुद्राची वाळू हवी असते, आणि ह्या वादांत कित्येकदां सुटीचे पहिले चार दिवस निघून जातात. ज्या बेटावर डोंगर व समुद्र एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत, तें बेट हा वाद सहज मिटवूं शकतें. हिंदी महासागरांतील मॉरिशस हें तसें एक बेट होय. मुंबईहून विमानानें सुमारें सहा तासांत तेथें पोंचतां येतें. बहुतेक प्रवासी तेथील पांढरी वाळू आणि निळें पाणी पाहतात, चार दिवस पोहतात आणि परत येतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तेवढेंच पाहून परतणें म्हणजे पुस्तकाचें वेष्टन पाहून तें कपाटांत ठेवण्यासारखें आहे. त्या बेटावर उघड्या आकाशाखालीं पाहावीं अशीं जीं स्थळें आहेत, त्यांतील प्रत्येक स्थळाबरोबर एक प्रश्न उभा राहतो. हें सौंदर्य येथवर टिकलें कसें, आणि त्यासाठीं कोणाला काय मोजावें लागलें?

प्रथम बेटाची थोडीशी ओळख करून घेणें इष्ट होईल. आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाच्या पूर्वेस पांचशें मैलांहून अधिक अंतरावर मॉरिशस आहे. त्याची लांबी सुमारें ४० मैल व रुंदी २८ मैल. हें बेट समुद्राच्या तळांतून वर आलेल्या ज्वालामुखीनें सुमारें ८० लक्ष वर्षांपूर्वीं घडविलें. येथें महाराष्ट्रांतील श्रोत्यांना एका नात्याची गंमत वाटेल. भूशास्त्रज्ञांचें असें मत आहे कीं, पृथ्वीच्या पोटांतील ज्या तप्त स्थानांतून सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनचा काळा कातळ बाहेर पडला, त्याच स्थानानें पुढें लक्षद्वीप व मालदीव यांच्या खालची डोंगररांग आणि शेवटीं मॉरिशस व रीयूनियन हीं बेटें निर्माण केलीं. मधल्या काळांत भारतभूमि उत्तरेकडे सरकत गेली. तें स्थान मात्र मागें राहिलें. म्हणजे सह्याद्रीचा कडा आणि मॉरिशसचा डोंगर हे एका मातेचे दोन पुत्र होत. एक थोरला, दुसरा फार धाकटा. लोणावळ्याच्या घाटांतून गेलेल्या मनुष्यास तेथील काळा दगड ओळखीचा वाटला, तर त्यांत नवल नाहीं.

बेटाभोंवतीं प्रवाळाच्या सूक्ष्म जीवांनीं बांधलेली एक भिंत आहे. महासागराच्या लाटा ह्या भिंतीवर फुटतात, आणि आंतलें उथळ पाणी सरोवरासारखें शांत राहतें. ऋतूंचा क्रम आपल्याकडच्या उलट असतो. मे ते नोव्हेंबरपर्यंतचा काळ कोरडा व सुखाचा. पुढें उन्हाळा, पाऊस आणि चक्रीवादळांचा धोका. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने प्रवाशाला विशेष सोईचे. त्या वेळीं उंसाची तोडणी चालू असते, आणि नोव्हेंबर सरतां सरतां मूळचा मादागास्करचा गुलमोहर रस्त्यांच्या दुतर्फा फुलूं लागतो.

प्रवासाचा आरंभ राजधानी पोर्ट लुई येथून करावा. बंदराच्या कांठावर काळ्या दगडाच्या कांहीं पायऱ्या, थोडे पडके कोठे आणि एक अंगण एवढेंच शिल्लक आहे. त्याला आतां आप्रवासी घाट म्हणतात. १८३५ सालीं तेथें गुलामगिरी बंद झाली, आणि मळेवाल्यांनीं मजुरांसाठीं भारताकडे दृष्टि वळविली. करारानें बांधलेल्या मजुरांची पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजीं, म्हणजे गुलामगिरीचा प्रत्यक्ष अंत होण्याच्या थोडें आधींच, तेथें उतरली. १९२० सालापर्यंत सुमारें साडेचार लक्ष माणसें आलीं. बहुतेक बिहारकडचीं, कांहीं तामिळ व तेलुगु प्रांतांतलीं. आणि मुंबई बंदरांतून निघालेल्या जहाजांत रत्नागिरी व सातारा या बाजूंचीं मराठी माणसेंहि होतीं. आज सहा तासांत होणाऱ्या प्रवासाला त्यांना कित्येक आठवडे लागले. २००६ सालीं ह्या घाटाची गणना जागतिक वारशांत झाली. २ नोव्हेंबर हा तेथें सार्वजनिक सुटीचा दिवस असतो. दिवाळीच्या सुटींत गेलेल्या कुटुंबास ती तारीख साधली, तर मुलांना त्या पायऱ्यांवर अवश्य न्यावें.

शहराच्या मागें जी डोंगररांग दिसते, तिच्यांतील एका शिखरास ल पूस म्हणजे अंगठा असें नांव आहे, आणि तें वर केलेल्या अंगठ्यासारखें दिसतेंहि. उंची सुमारें २,६६० फूट. परंतु वाट सोपी असून घाट चढण्याची संवय असलेल्या मनुष्याला अर्ध्या दिवसांत जाऊन येतां येतें. १८३६ सालीं ‘बीगल’ जहाजावरून आलेला चार्ल्स डार्विन हाहि ह्या शिखरावर चढला होता. त्या वेळीं भारतांतून जन्मठेपेवर पाठविलेले सुमारें आठशें कैदी बेटावर होते, व रस्ते बांधण्यासारखीं कामें त्यांच्याकडून करून घेत असत. त्यांपैकीं कांहीं मुंबई इलाख्यांतले होते. डार्विननें त्यांच्या भारदस्त मुद्रेची आपल्या प्रवासवर्णनांत मुद्दाम नोंद केली आहे. शिखरावरून खालचें बंदर, उंसाचीं शेतें आणि पांढऱ्या फेंसाची प्रवाळरेषा दिसते, तेव्हां त्या दृश्यांतील सडका कोणाच्या हातांनीं झाल्या, हेंहि प्रवाशाला ठाऊक असावें.

उत्तरेकडे पांप्लमूस गांवीं जी वनस्पतींची बाग आहे, तीत एक सकाळ सुखानें जाते. अठराव्या शतकांत प्येर प्वाव्र ह्या फ्रेंच कारभाऱ्यानें ती नांवारूपास आणली. लवंग व जायफळ ह्यांचा व्यापार डच लोकांनीं मुठींत ठेवला होता. प्वाव्रनें मोठ्या युक्तीनें त्यांचीं रोपें मिळवून येथें वाढविलीं. बागेंतील लांबट तळ्यांत परातीएवढ्या, नव्हे त्याहूनहि मोठ्या, कांठ वर वळलेल्या पानांचीं कमळें तरंगतात. त्यांचें फूल पहिल्या दिवशीं पांढरें असतें आणि दुसऱ्या दिवशीं गुलाबी होतें. जवळच दक्षिण भारत व सिंहलद्वीप येथला ताली नांवाचा ताड आहे. तो कित्येक दशकें वाढतो, आयुष्यांत एकदांच फुलतो, आणि फळें आलीं म्हणजे मरतो. मुलांबरोबर गेलेल्या आजोबांना समजावून सांगण्यास हा विषय चांगला आहे.

बेटाचा मधला भाग पठाराचा आहे. तेथें क्युरपीप ह्या गांवाजवळ त्रू-ओ-सेर नांवाचें, विझलेल्या ज्वालामुखीचें तोंड आहे. त्याच्या कांठावरून फेरी मारतां येते. खालीं वाटोळ्या वाटींत दाट झाडी दिसते, आणि भोंवतीं बहुतेक सर्व डोंगरांची ओळ नजरेस पडते. तेथून दक्षिणेस गंगातलाव आहे. तेंहि ज्वालामुखीचेंच एक तोंड असून त्यांत पाणी सांचलें आहे. महाशिवरात्रीस बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक खांद्यावर सजविलेल्या कावडी घेऊन पायीं तेथें येतात. १९७२ सालीं गंगेचें पाणी आणून ह्या तलावांत मिसळलें गेलें. परमुलखांत गेलेल्या माणसांनीं आपलें तीर्थ तेथें नव्यानें स्थापन केलें, ही गोष्ट भाविकाप्रमाणें इतिहासाच्या अभ्यासकासहि विचार करावयास लावील.

गंगातलावापासून जवळच ब्लॅक रिव्हर नदीच्या खोऱ्यांचें राष्ट्रीय उद्यान लागतें. १९९४ सालीं स्थापन झालेलें हें उद्यान सुमारें १६,००० एकरांचें आहे. बेटाचें सर्वांत उंच शिखर, सुमारें २,७१७ फुटांचें, त्याच्याच परिसरांत येतें. दऱ्या खोल, झाडी हिरवी, दूरवर धबधब्याची पांढरी रेघ, आणि त्यापलीकडे समुद्र. महाबळेश्वरच्या एखाद्या टोंकावर उभें राहिल्याचा भास होतो. पण अरण्य जितकें समृद्ध दिसतें, तितकें तें मूळचें नाहीं. १५९८ सालीं डच लोक ह्या निर्मनुष्य बेटावर आले. त्यांनीं अबनुसाचीं झाडें तोडलीं. १६३९ सालीं जाव्हांतून हरणें आणलीं. जहाजांबरोबर उंदीर, डुकरें व माकडें आलीं. पुढें फ्रेंचांच्या काळांत टोळांचा नायनाट करण्यासाठीं भारतांतून साळुंक्या नेण्यांत आल्या. वाटेच्या कडेस जो लालचुटुक लहान पेरू मुलें आवडीनें तोडून खातात, तो ब्राझीलचा; त्याच्या दाट जाळ्यांनीं देशी रोपट्यांना ऊन मिळूं दिलें नाहीं. चांगल्या स्थितींत राहिलेलें मूळचें अरण्य आज बेटाच्या भूमीच्या शेंकडा दोनहूनहि कमी आहे.

त्याच अरण्यांत एक आशेची गोष्टहि घडली. ह्या बेटाखेरीज जगांत कोठेंहि न आढळणारा एक लहान ससाणा तेथें राहतो. जंगलतोड आणि कीटकनाशक औषधें ह्यांमुळें १९७४ सालीं रानांत त्याचे केवळ चार पक्षी उरले होते. पुढें १९७९ सालीं आलेले कार्ल जोन्स नांवाचे वेल्समधील पक्षिशास्त्रज्ञ व त्यांचे स्थानिक सहकारी ह्यांनीं चिकाटीनें काम केलें. मादीनें घातलेलीं पहिलीं अंडीं काढून तीं उबवणीच्या यंत्रांत उबवावयाचीं, म्हणजे मादी पुन्हां अंडीं घालते. पिल्लांना हातानें भरवून वाढवावयाचें. त्यांच्यासाठीं झाडांवर लांकडी पेट्या बांधावयाच्या. आणि मग त्यांना रानांत सोडावयाचें. चाराचे शेंकडों झाले. गुलाबी कबुतर आणि तेथला हिरवा पोपट हेहि असेच अगदीं कांठावरून परत आणले गेले. दरीच्या कांठावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या डोक्यावरून एखादा ससाणा गेला, तर तो नुसता पक्षी नव्हे. कित्येक वर्षांच्या मेहनतीचें तें फळ आहे.

नैर्ऋत्येस शामारेल येथें दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. पहिली, काळ्या कड्यावरून ऐंशी मीटरांहून अधिक उंचीवरून पडणारा धबधबा. दुसरी, सात रंगांची माती. लाल, तपकिरी, जांभळी, निळसर अशा मातीच्या लाटा तेथें उघड्यावर पसरल्या आहेत, आणि त्यांवर गवताची काडीहि उगवत नाहीं. ज्वालामुखीचा कातळ झिजून त्याची माती झाली. तींतील विरघळणारे घटक पावसानें वाहून गेले, आणि लोखंड व ॲल्युमिनियम ह्यांचे गंज मागें राहिले. लोखंडामुळें तांबूस छटा येते, ॲल्युमिनियममुळें निळसर. मातीवर पाय पडूं नये म्हणून सभोंवार कठडा घातला आहे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत रंग अधिक उठून दिसतात.

शामारेलहून खालीं उतरलें म्हणजे समुद्रांत घुसलेल्या भूशिरावर एकटा उभा असलेला ल मोर्न डोंगर दिसतो. उंची १,८२४ फूट. कडे जवळजवळ सरळ. जवळच्या समुद्रांत वाळू खोल पाण्याकडे अशी ओढली जाते कीं, विमानांतून पाहणाऱ्यास पाण्याखालीं धबधबा कोसळत असल्याचा भास होतो. हा सर्व देखावा अत्यंत रम्य आहे. परंतु ह्याच कड्यांच्या कपारींत अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मळ्यांतून पळालेले गुलाम लपून राहत. परंपरागत कथा अशी सांगतात कीं, १८३५ सालीं गुलामगिरी संपल्याची वार्ता देण्यास शिपाई वर चढूं लागले; ते आपल्याला धरावयास येत आहेत असें वाटून त्या माणसांनीं कड्यावरून उड्या घेतल्या. कथेंतील प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तेथील जनतेच्या मनांत तो डोंगर स्वातंत्र्याचें प्रतीक होऊन बसला आहे. २००८ सालीं त्याचीहि गणना जागतिक वारशांत झाली. १ फेब्रुवारी हा गुलामगिरीच्या अंताचा स्मरणदिन तेथें सुटीचा असतो. अर्ध्या डोंगरापर्यंतची वाट सोपी, शेवटचा टप्पा मात्र हातापायांनीं चढण्याचा. तेथें वाटाड्या बरोबर घेतल्यावांचून जाऊं नये.

दक्षिण किनाऱ्यावर सुयाक गांवाजवळ ग्री-ग्री नांवाची जागा आहे. प्रवाळाची भिंत येथें तुटली आहे, आणि महासागर थेट कड्यावर येऊन आदळतो. वाऱ्याची गर्जना, उडणारे तुषार आणि काळा दगड हें सर्व पाहिलें म्हणजे इतर ठिकाणच्या शांत पाण्याचें श्रेय त्या अदृश्य भिंतीकडे किती आहे, हें मुलांनाहि कळतें. येथें पोहणें धोक्याचें आहे. कांठावरून पाहणेंच श्रेयस्कर. गांवाजवळच रॉचेस्टर नांवाचा लहानसा धबधबा कातळाच्या उभ्या चौकोनी खांबांवरून पडतो.

प्रवासाचा शेवट आग्नेय कोपऱ्यांत करावा. तेथील ब्लू बे उपसागरांत तळाला कांच बसविलेल्या होड्यांतून प्रवाळाची बाग पाहतां येते. त्याच्या उत्तरेस, किनाऱ्यापासून हांकेच्या अंतरावर, बगळ्यांचें बेट ह्या अर्थाचें फ्रेंच नांव असलेलें एक चिमुकलें बेट आहे. क्षेत्र अवघें ६४ एकर. १९६५ सालापासून तें राखीव आहे, आणि वाटाड्याखेरीज तेथें कोणास जाऊं देत नाहींत. उंदीर काढून टाकले, परकीं झुडुपें उपटलीं, अबनुसाचीं रोपें लावलीं, गुलाबी कबुतरें आणून सोडलीं. मॉरिशसचीं मूळचीं मोठीं कासवें केव्हांच नष्ट झालीं. त्यांच्या जागीं अल्दाब्रा बेटावरचीं महाकाय कासवें आणलीं. तीं अबनुसाचीं फळें खातात, आणि त्यांच्या पोटांतून बाहेर पडलेलें बीं अधिक चांगलें रुजतें असें आढळून आलें आहे.

ह्याच बाजूस, माएबूर गांवापासून थोड्या अंतरावरील एका दलदलींत, १८६५ सालीं जॉर्ज क्लार्क नांवाच्या एका शाळामास्तरांनीं डोडो पक्ष्याचीं हाडें शोधून काढलीं. कबुतराच्याच कुळांतील हा मोठा, उडतां न येणारा पक्षी १६६२ सालानंतर कोणीं पाहिल्याची विश्वसनीय नोंद नाहीं. मनुष्य बेटावर आल्यापासून पाऊणशें वर्षांच्या आंत तो संपला. खंडप्राय देशांत एका अरण्यांतून नाहींसा झालेला प्राणी कदाचित् दुसऱ्या अरण्यांत सांपडतो. बेटावर दुसरें अरण्यच नसतें.

२५ जुलै २०२० रोजीं ‘वाकाशिओ’ हें मोठें मालवाहू जहाज ह्याच किनाऱ्याजवळ प्रवाळावर रुतलें, आणि ६ ऑगस्टपासून त्यांतील सुमारें एक हजार टन तेल समुद्रांत पसरलें. काळा तवंग त्या चिमुकल्या बेटापर्यंत गेला. कांहीं पक्षी व सरडे उचलून दुसरीकडे न्यावे लागले. त्या वेळीं गांवोगांवचे लोक आपण होऊन किनाऱ्यावर धांवले. कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत त्यांनीं उंसाचें पाचट भरलें आणि तेल अडविण्यासाठीं त्या पाण्यावर सोडल्या. कित्येकांनीं डोक्याचे केसहि कापून दिले. ज्या उंसासाठीं त्यांच्या पूर्वजांना समुद्रापार आणलें, त्याच उंसाच्या पाचटानें त्यांच्या वंशजांनीं समुद्र वांचविण्याची खटपट केली. त्या बेटाची मालकी कागदावर कोणाचीहि असो, तीं माणसें तेथलीं झालीं आहेत ह्याचा याहून दुसरा पुरावा नको.

ह्या माणसांत मराठी वंशाचींहि माणसें आहेत. पश्चिम व नैर्ऋत्य भागांतील खेड्यांतून त्यांची वस्ती आढळते. त्यांच्या घरांत आज बहुधा क्रिओल भाषा चालते. पणजोबांचें नांवच कित्येकांचें आडनांव होऊन बसलें आहे. तरी शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे, गणेशचतुर्थीस सबंध देशाला सुटी असते, आणि कोंकणांतील जाखडी नाच व घरचा गोंधळ त्यांनीं पिढ्यान् पिढ्या सांभाळला आहे. भाद्रपदांत त्या समुद्राच्या कांठीं मराठी आरती ऐकूं येते. महाराष्ट्रांतून गेलेल्या कुटुंबानें अशा एखाद्या घरीं चार शब्द मराठींत बोलून पाहावे. यजमानाला उत्तर देतांना शब्द शोधावा लागेल. पण तो सांपडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसेल, तो कोणत्याहि धबधब्याहून पाहण्यासारखा असेल.

आतां सुटीस जाणाऱ्यांसाठीं दोन-चार साध्या सूचना. प्रवाळावर पाय ठेवूं नये, आणि शंख-शिंपले व प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून आणूं नयेत. अरण्यांत शिरण्यापूर्वीं जोड्याचे तळवे झाडून घ्यावे. त्यांना चिकटलेलें एखादें बीं तेथें नवा उपद्रव माजवूं शकतें. माकडांना खाऊं घालूं नये. शक्य तेथें गांवचाच वाटाड्या बरोबर घ्यावा. त्याला चार पैसे मिळतात आणि प्रवाशाला चार गोष्टी कळतात. आठ दिवसांच्या सुटींत हीं सर्व स्थळें होण्याजोगीं आहेत. वेळ कमीच असेल, तर घाटाच्या पायऱ्या, ससाण्याची दरी, ल मोर्न आणि कासवांचें चिमुकलें बेट एवढीं तरी पाहावीं. निळें पाणी तर वाटेंत सर्वत्र भेटतेंच.